जावईबापूंचं जेवण

प्रिय खारुताई,

हे अक्षर माझं नाही, हे तू ओळखलंच असशील. शेजारची शिवणवाली लिहून देतेय. माझी वाक्यं मध्येच कापायला बघते मेली. तिला बजावलंय, बाई, मी बोलते तसं लिही, कात्री घरी ठेव. आजीनं फोन का नाही केला, असं म्हणशील. फोनवर तू मध्ये बोलतेस, मग मी हसते, आणि सांगायचं ते पोटातच राहतं.

पिल्लू पालथं पडायला लागलं म्हणे! तुझी सुट्टी संपली की ते दिवसभर माझ्याकडे राहणार, म्हणून मी आतली खोली रिकामी करून ठेवलीये. टेबलाच्या कोपऱ्यांना जुन्या रजईच्या पट्ट्या बांधल्यात. तुझा बाप लहानपणी त्याच कोपऱ्यांवर आपटत मोठा झाला, त्याचा परिणाम आपण बघतोच आहोत. पणतवंडावर तसला प्रयोग नको. तू मासे इथे ठेवून गेलीस तेव्हा म्हणाली होतीस, आजी, आधी माझे मासे सांभाळून दाखव, मग बाळ देते. मी म्हटलं, त्यात काय मोठंसं, मासे रडत तरी नाहीत.

तर त्या माशांचंच सांगायचंय. जिवंत आहेत, घाबरू नकोस. तो नारिंगी ढेरपोट्या आहे ना, त्याचं नाव मी जावईबापू ठेवलंय. काचेला तोंड लावून असा बघतो, जणू या घरात त्याला कुणी कधी जेवायलाच विचारलं नाही. एका सकाळी त्याला दाणे टाकायला गेले, तर तळातल्या खड्यांमधून पांढरे, दोऱ्यासारखे किडे डोकी वर काढून वळवळत होते. काही काचेवर चढलेले. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी काय कमी किडे-मुंग्या बघितल्यात? पण माझ्या मनात आधी मासे आलेच नाहीत, पिल्लू आलं. याच घरात ते रांगणार, हाताला लागेल ते तोंडात घालणार.

शिवणवालीनं माशांच्या टाक्या साफ करणाऱ्या टाकीवाल्याला बोलावलं. त्यानं नळी लावून खड्यांतला गाळ बादलीत ओढला. पाणी असं काळं, की हिनं पदरानं नाक दाबलं. तो मात्र हसत होता. म्हणाला, आजी, हे चावत नाहीत, माशांना नाही आणि तुम्हालाही नाही. उरलेले दाणे खाली कुजतात, त्यावर हे पोसतात. खाणं कमी करा, थोडं थोडं पाणी बदला, खडे असे धूत राहा, जातील आपोआप. मी म्हटलं, बाबा, आणखी कमी काय करू? सकाळी चहा झाला की एक चिमूट, तीही दोन बोटांची. त्याचं हसू थांबलं. बादलीत बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, एका चिमटीनं एवढी घाण होत नाही. घरात अजून कोण टाकतं?

घरात अजून कोण असणार? मी आणि भिंती. तो गेला. कुणीतरी घरात येतंय, मी आडवी झाले की दबक्या पावलांनी टाकीपाशी जातंय, असंच मला वाटायला लागलं. दाराला साखळी लावली, वर खुर्ची टेकवली. पंख्यानं पडदा हलला तरी उठून बघायची. आपली दुसरी किल्ली शिवणवालीकडे असते, म्हणून मी तिच्यावरही आळ घेतला. लिही गं, खाली मान घालून बसू नकोस, तेही लिही. खडे धुतले होते तरी किडे परत आले.

मग हिनंच युक्ती काढली. दाण्यांच्या बेताच्या कागदी पुड्या बांधल्या, आठवड्याच्या, रोजची एक, वर दोरा. दाण्यांची डबी स्वतःच्या घरी नेली. त्याच संध्याकाळी डोकावली तेव्हा एकही पुडी उरली नव्हती. दाराला साखळी होती, मीच काढून हिला आत घेतलं होतं. टेबलावर दोरे गुंडाळून ठेवलेले, शेजारी कागद, प्रत्येकाची चौकोनी घडी, काठाला काठ जुळवलेली. तशी घडी मीच घालते. आणि मला आठवत होती एकच पुडी. सकाळची, चहानंतरची.

बाकीच्या वेळी मी कुठे होते गं? उठले असेन, चालत गेले असेन, जावईबापूंशी दोन शब्द बोललेही असेन. त्यातलं काही म्हणजे काही माझ्यापाशी नाही. तुम्ही लोक विसरलात तर कागद बघता. मला अक्षर नाही, माझं सगळं या डोक्यात. कुणाला कुठलं औषध चालत नाही, कुणाचा नंबर काय, तुझा बाप अजून मलाच विचारतो. आता डोक्यावरच भरवसा उरला नाही, तर मी कुठे बघायचं? खारे, मला फार भीती वाटतेय.

म्हणून हे पत्र. पिल्लू माझ्याकडे एकटं ठेवू नकोस. ते तोंड उघडेल आणि मी अगदी मायेनं औषधाचे थेंब घालीन, मग परत घालीन, मग परत. सुट्टी वाढव, पाळणाघर बघ, काहीही कर. तू म्हणशील, आजी, वय झालं की एवढं होतंच, आणि तुझ्या गोड बोलण्याला मी भुलेन. भुलू देऊ नकोस. त्याला घेऊन ये, माझ्या मांडीवर दे, पण तू समोर बस. मला डॉक्टरकडे ने. तुझ्या बापाला आपण दोघी मिळून सांगू. आणि ऐक, पिल्लू माझ्याकडे एकटं ठेवू नकोस. शिवणवाली लिहायची थांबलीये. म्हणते, आजी, हे तुम्ही आत्ताच सांगितलंत, मी लिहिलंय. असू दे. पुन्हा लिही म्हटलं तिला.

तुझीच,
घाबरलेली आजी