नवव्या प्रकरणापासून

सोमवार, ४ मार्च

एका चौदा वर्षांच्या मुलीने आज मला घाबरवलं. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून ही वही काढली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला, पुढे सुपरवायझर झाले. माझ्या चपलांचा आवाज आला की हाताखालच्या मुली ताठ बसत. आणि ती मी भुताच्या पुस्तकाला घाबरले! धाकट्या बहिणीला सांगितलं तर ती पुरवून पुरवून हसेल.

झालं ते सरळ लिहिते. निवृत्त झाल्यापासून मी अंधांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचून देते. काचेची लहानशी खोली, आत मी आणि मायक्रोफोन, बाहेर यंत्रापाशी रेकॉर्डवाला. चरित्रं वाचली, प्रवासवर्णनं वाचली, बागकामावरचा एक जाडजूड ग्रंथसुद्धा वाचला. गेल्या वर्षी अंध मुलींच्या वसतिगृहातल्या एका मुलीने ही भुतांची मालिका मागितली. पाच भाग. नायिका सोळा वर्षांची. गावाबाहेर तळं, आणि तळ्यात 'बुडीत' — म्हणजे बुडून मेलेली पण न गेलेली माणसं. त्यांना आवाज नसतो. ती जिवंत मुलीच्या गळ्यात येऊन राहतात आणि तिच्या आवाजाने बोलतात. शिवाय एक देखणा मुलगा, ज्याचे केस कधीच वाळत नाहीत. वय वर्षं तीनशे, आणि अजून दहावीत! इतक्या वर्षांत शाळेने याचं नाव काढून टाकलं नाही, हीच त्या पुस्तकातली खरी अद्भुत गोष्ट.

चौथा भाग गेल्या महिन्यात वाचून संपवला. आज रेकॉर्डवाल्याने त्या मुलीचा निरोप फोनवर ऐकवला. ती फार बोलत नाही.

"वाचनबाई, नवव्या प्रकरणापासून तुमच्या आवाजात आणखी कुणीतरी आहे."

रेकॉर्डवाला हसला. मीही हसले. घरी येऊन दाराची कडी दोनदा पाहिली.

मंगळवार, ५ मार्च

रेकॉर्डवाला म्हणतो, वायरचा दोष असेल. वायर बदलली. मायक्रोफोनवरची स्पंजाची टोपीही बदलली. पाचव्या भागाची सुरुवात केली. बरं वाटलं.

पण त्या मुलीचा कान मी ओळखून आहे. रेकॉर्डवाला तिला कानसेन म्हणतो ते उगीच नाही. दुसऱ्या भागात नायिका आणि तो ओल्या केसांचा तळ्याकाठी बसून जे काय करतात, ती पानं मी गाळली होती. एवढ्याशा मुलीला काय करायची आहेत? लगेच निरोप आला — पान उलटल्याचा आवाज जाड होता, मधलं कुठे गेलं? छापलंय ते सगळं वाचायचं, हा ग्रंथालयाचा नियम. नव्या वाचकांना तो मीच बजावते. मुकाट्याने ती पानं वाचली. ट्रंक कॉल जोडून देताना बोलावं तशी वाचली. तेवढा वेळ रेकॉर्डवाला काचेपलीकडे टेबलाखाली काहीतरी शोधत होता. सापडल्याचं काही दिसलं नाही.

गुरुवार, ७ मार्च

मी माझं वाचन कधी ऐकत नाही. आज ऐकलं. आधी आठवं प्रकरण, मग नववं.

आठव्यात मी आहे. नवव्यात, वाक्य जिथे खाली उतरतं तिथे, माझ्या आवाजाखाली दुसरा आवाज आहे. खरखरीत. शब्द माझेच, पण किंचित मागून येणारे. एक्स्चेंजमध्ये कुणी चोरून लाइनवर असलं की असंच कळायचं — बोलणारे दोन आणि श्वास तीन.

रेकॉर्डवाल्याला म्हणे काही ऐकू आलं नाही. मग इतक्या घाईने चहा आणायला का गेला?

शनिवार, ९ मार्च

पुस्तकात बुडीत गळ्यात शिरल्याच्या तीन खुणा दिल्या आहेत. पहिली, दुसऱ्याला तुमच्या आवाजात आणखी एक आवाज ऐकू येतो. दुसरी, हाक मारलेलं जनावर येत नाही. तिसरी, स्वतःचं नाव तोंडातून निघत नाही.

ग्रंथालयाच्या पायरीवर एक कुत्रा असतो. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिक्का. त्याची रीत उलटी आहे. मी काचेच्या खोलीच्या दारातून "टिक्क्या, चल हो बाहेर" म्हणते आणि तो शेपटी हलवत आत येतो. रोजचं आहे. आज म्हटलं, तो आला नाही. पुन्हा म्हटलं. मान वर करून माझ्याकडे पाहिलं — कुणा परक्याकडे पाहावं तसं — आणि मान खाली टाकली.

रेकॉर्डवाला म्हणाला, सकाळी कोणीतरी त्याला पोट फुटेस्तोवर खाऊ घातलंय, आज त्याला यमाने बोलावलं तरी उठायचा नाही. असेल.

घरी आले, न्हाणीघरात गेले, आरशासमोर उभी राहून स्वतःचं नाव घेतलं. पहिलं अक्षर आलंच नाही. नुसती हवा. दुसऱ्यांदा आलं.

फरशीवर बसले. साठी उलटलेली बाई मी, त्या काळात बी. ए. झालेली, आणि पोरींच्या पुस्तकातल्या खुणा मोजत न्हाणीघरात बसलेली!

मंगळवार, १२ मार्च

घशाच्या डॉक्टरांकडे गेले. बुडितांना घाबरून डॉक्टर गाठणारी मीच पहिली असेन.

आवाज कधीपासून बसलाय, विचारलं. थंडीपासून, म्हटलं, मिठाच्या पाण्याने गुळण्या करते. लक्षात कुणाच्या आलं? एका मुलीच्या, म्हटलं. पुस्तकाचं बोलले नाही.

डॉक्टर बोलके आहेत. नाकातून कॅमेऱ्याची नळी घालेपर्यंत त्यांच्या मुलाची परीक्षा, रस्त्यातले खड्डे, सगळं चाललं होतं. नळी आत गेली, त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि खड्डे अर्ध्यावरच राहिले. मग फक्त "ई म्हणा", "पुन्हा ई म्हणा".

तुकडा काढून तपासायला पाठवणार.

शुक्रवार, १५ मार्च

तुकडा काढला. बोलायचं नाही. घर इतकं गप्प असतं हे माहीत नव्हतं. नळ ठिबकला तरी दचकते.

मंगळवार, १९ मार्च

गाठ आहे. वाईट जातीची, आणि खोल गेलेली. स्वरयंत्र सगळं काढावं लागेल. गळ्याला भोक ठेवतील, श्वास तिथून. जीव वाचेल असं डॉक्टर म्हणाले. आवाजाचं मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

ऑपरेशन पुढच्या गुरुवारी. तोवर मोठ्याने वाचू का? त्यांना वाटलं, मी गीता-बिता वाचणार. म्हणाले, "वाचा. जे काय बोलायचं असेल ते या आठवड्यात बोलून घ्या."

हे वाक्य त्यांनी चांगल्या मनाने म्हटलं. रस्ताभर त्याने माझा पाठलाग केला.

बुधवार, २० मार्च

धाकटी सामान घेऊन राहायला आली. मी ग्रंथालयात निघाले तशी दारात आडवी आली. मालिका ऐन शेवटाला आली आहे, मुलगी वाट पाहत असेल, म्हणून समजावलं. ऐकेना. "ताई, उरलेला आवाज त्या भुताटकीवर खर्च करणार? माझ्याशी बोल की चार शब्द!"

बसले तिच्यासमोर. काय बोलू? जन्मभर मी तिला सूचनाच दिल्या. शेवटी म्हटलं, तुझी चादर कपाटात वरच्या खणात आहे. तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "जा बाई तू. भुतांशीच बरी बोलतेस."

दोन प्रकरणं झाली. मधे मधे आवाज पायरी चुकल्यासारखा खाली पडतो. थांबते, पाणी पिते, परत घेते.

शुक्रवार, २२ मार्च

आज कानसेन स्वतः आली. हातात पांढरी काठी, वेणी घट्ट, चेहरा रडून सुजलेला. रेकॉर्डवाल्याच्या पोटात काही राहत नाही, त्याने तिला सगळं सांगितलं होतं.

पाचवा भाग वाचू नका, म्हणाली. मला शेवट नको. हळूहळू कळलं — तिला वाटतंय, तिने हे पुस्तक मागितलं म्हणून हे झालं. बुडीत तिनेच माझ्याकडे पाठवले.

मी तिला खुर्चीत बसवलं. पुस्तकाने गाठ होत नाही, म्हटलं. आणि तू ऐकलं नसतंस तर मी अजून गुळण्याच करत बसले असते.

"बुडीत नसतातच?"

"नसतात."

तिने विचारलं, तुमच्या गळ्याला हात लावू? लाव म्हटलं. थंडगार बोटं. काहीतरी बोला म्हणाली, पण पुस्तकातलं नको, तुमचं बोला. मी सव्विसाचा पाढा म्हटला. तिला हसू आलं, मलाही आलं, आणि हसताना तो खरखरणारा आवाज आम्ही दोघींनी ऐकला. तिने बोटं काढली नाहीत.

"वाचनबाई, तुम्हाला भीती वाटते?"

"नाही."

तिने हात काढून घेतला. "बरं," म्हणाली. मी म्हटलं, शेवट ऐकायचा. अर्धवट टाकलेलं पुस्तक मला खपत नाही. मान डोलावून गेली.

माझा गळा तिच्या हातात असताना मी खोटं बोलले. तिला कळलं नसेल?

सोमवार, २५ मार्च

तीन प्रकरणं. घशात वाळू. टिक्का पायरीवरच. मी हाक मारत नाही. न मारलेल्या हाकेला तो आला नाही, असं तरी म्हणता येत नाही.

बुधवार, २७ मार्च

संपवलं!

शेवटी नायिका आपला आवाज बुडितांना देऊन टाकते. ते मोकळे होतात, तळं आटतं. पुढे एक अख्खं प्रकरण ती मुकी असते. आई बोलते, मैत्रिणी बोलतात, ही दाराशी उभी असते आणि दार उघडायला सांगता येत नाही. हे लिहिणाऱ्याला इतकं नेमकं कुठून कळलं? वाचता वाचता दोनदा थांबावं लागलं.

आणि शेवटच्या पानावर तो ओल्या केसांचा येतो, तिला जवळ घेतो आणि तिचा आवाज परत येतो. काय ही फसवणूक! तरी छापलंय ते वाचलं. माझा आवाज तोवर संपला होता, शेवटचं पान कुजबुजत वाचलं. 'समाप्त' मात्र खणखणीत म्हटलं. कुठून आला तो आवाज, कोण जाणे.

रेकॉर्डवाला तोंड धुवायला म्हणून बाहेर गेला. मी काचेत एकटी. पोरीला सांगितलेलं खोटं आत सलत होतं. खरं काय ते तिथेच एकदा मोठ्याने म्हणून टाकलं. भिंतींना.

उठले तेव्हा पाहिलं, रेकॉर्डिंगचा लाल दिवा चालूच होता.

शुक्रवार, ५ एप्रिल

जिवंत आहे. आता ही वहीच तोंड. नर्सला पाट्या दाखवते: पाणी. उशी. दिवा. झोप लागली की तळं दिसतं, आणि ओरडायला जाते तर गळ्यातून वारा.

भूल द्यायला नेत होते तेव्हा धाकटी स्ट्रेचरच्या बाजूने धावत होती. या तोंडाने उच्चारलेलं शेवटचं वाक्य माझ्या लक्षात आहे. तिला म्हटलं, "गॅस बंद केलास ना?"

शनिवार, २० एप्रिल

धाकटीला घेऊन ग्रंथालयात जाऊन आले. देवघेव अशी:

दिलं — मालिकेचे पाच भाग, काचेच्या खोलीची किल्ली, नव्या वाचकासाठी माझी बसायची उशी.

मिळालं — एक चिप. कानसेनने रेकॉर्डवाल्याकडून करवून घेतलेली. पुस्तकातला शब्द एकही नाही. वर्षभर त्याने वाचनातून कापलं, पण टाकलं नाही, ते सगळं. तिथेच लावून ऐकवलं. "थांबा, परत घेते." "पंखा कुणी लावला?" "तीनशे वर्षांचा घोडा, दहावीत!" फोनवर: "धाकटे, जेवून घे, माझ्यासाठी थांबू नकोस" — इथे धाकटीने भिंतीकडे तोंड केलं. "टिक्क्या, चल हो बाहेर." पायरीवरचा टिक्का उठला, आत आला, स्पीकर हुंगला आणि माझ्या पायाशी येऊन बसला.

सगळ्यात शेवटी, लाल दिव्याच्या दिवशीचं: "खोटं बोलले मी तिच्याशी. भीती वाटते."

आणि त्याला लागून, किंचित मागून, दुसरा आवाज. चौदा वर्षांचा.

"मला पण."