हा क्रमांक आधीच आहे

सोमवार, ३
आलो एकदाचे. घर दुसऱ्या मजल्यावर, उजेड भरपूर, नळाला पाणी जोरात. अण्णा, म्हणजे माझे वडील, सामान लागायच्या आधीच खुर्ची खिडकीशी ओढून बसले आणि जाहीर केलं की ही सीट रिझर्व्ह आहे. जन्म बसमध्ये कंडक्टरकी करण्यात गेला, ती सुटायची नाही. समोरच्या दारातल्या काकू चहा घेऊन आल्या. दोघांची अशी गट्टी जमली की मला कपसुद्धा कोणी विचारला नाही. संध्याकाळी पुलापलीकडच्या घड्याळवाल्याकडे अण्णांचं घड्याळ दुरुस्तीला टाकलं. इथे प्रत्येकाला एक क्रमांक असतो, दवाखान्यापासून शाळेपर्यंत सगळीकडे तोच चालतो. आम्हांलाही आल्या आल्या मिळाले.

मंगळवार, ४
ऑफिस नोंदणीचं. नदीच्या अलीकडचं आणि पलीकडचं अशी दोन गावं आता एक झालीत. दोन्हीकडची माणसं कॉम्प्युटरवरच्या एकाच टेबलात भरायची, एका माणसाची एक ओळ, हे माझं काम. गंमत अशी की दोघांनीही आपापले क्रमांक एकपासून वाटलेत. टेबलाचा नियम साधा आहे, एका क्रमांकाला एकच माणूस. दुसरा आला की कॉम्प्युटर अडून बसतो आणि एकच पालुपद लावतो: हा क्रमांक आधीच आहे. मी साहेबांना म्हटलं, दुसऱ्याला नवा क्रमांक देऊ, तो आपोआप मिळतो. साहेब म्हणाले, क्रमांक लोकांच्या कार्डांवर छापलेत, त्यांना हात लावायचा नाही, एरर तेवढी घालवा. पालथ्या घड्यावर पाणी.

अण्णांना सांगितलं तर हसले. म्हणाले, एका सीटवर दोघांनी हक्क सांगितला तर उतरवायचं कोणाला, हा प्रश्नच चुकीचा. बाकीच्यांना सरकून घ्या म्हणायचं आणि एक जागा काढायची. मी म्हटलं, साहेबांना तुम्हीच सांगा.

बुधवार, ५
अलीकडचं गाव सकाळीच भरून झालं. पलीकडची फाइल ‘असेल तर सोडा’ अशा कमांडनं चालवली. क्रमांक आधीच असला की नवी ओळ गुपचूप बाजूला टाकायची, तक्रार करायची नाही. एकही एरर आली नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, मीही ते घेतलं.

गुरुवार, ६
घड्याळ आणायला गेले. दुकान नाही. फळवाला आणि कुलपांचं दुकान यांच्यामध्ये एक सपाट भिंत आहे. फळवाला म्हणाला, इथे कधी दुकान नव्हतंच. ऑफिसात येऊन काल सोडलेल्या ओळी काढल्या. घड्याळवाला त्यांत होता. त्याचा आणि समोरच्या काकूंचा क्रमांक एकच.

घरी अण्णांना सांगितलं. त्यांनी मनगटावर घड्याळामुळे राहिलेला पांढरा पट्टा पाहिला आणि विचारलं, कसलं घड्याळ. मला वाटलं थट्टा करताहेत.

शुक्रवार, ७
आज नव्यानं आलेल्यांची फाइल. आधी तपासली. ऑफिसातल्या लोकांनी आम्हां नव्यांना घाईत जुनेच क्रमांक वाटलेत. माझा कोणाशी जुळत नाही. अण्णांचा जुळतो. काकूंशी.

‘सोडा’ म्हटलं तर अण्णा जातील. एका नव्या क्रमांकासाठी साहेबांच्या हातापाया पडले. त्यांनी कार्डांचं पुन्हा सांगितलं. मग मी एक शब्द बदलला. ‘असेल तर बदला.’ जुनी ओळ काढायची, तिच्या जागी नवी. चालवली. एरर नाही.

घरी आले तर समोर काकूंचं दार नव्हतं. भिंत होती, रंगसुद्धा जुना. अण्णा खिडकीशी बसलेले. मी सवयीनं तीन कप चहा ओतला. तिसरा कोणाला, असं त्यांनी विचारलं. तो मी बेसिनमध्ये ओतून कप धुतला. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

सोमवार, १०
साहेबांना ‘बदला’ फार आवडलं. मी जेवायला गेले होते तेव्हा त्यांनी पलीकडची फाइल माझ्याच कमांडनं पुन्हा चालवली. मागच्या वेळी सुटलेले आता आले, असं कौतुकानं सांगत होते. घड्याळवाल्याचा क्रमांक म्हणजे काकूंचा, म्हणजे —

धावत घरी. खुर्ची खिडकीशी आहे. घरमालक म्हणतात, तुम्ही एकट्याच तर आलात. कपाटात फक्त माझे कपडे. रडू येईल म्हणून पलंगावर बसून राहिले. आलं नाही. मग भांडी घासली.

मंगळवार, ११
दुकान आहे. काचेखाली घड्याळ दिसत होतं, अण्णांचंच. घड्याळवाल्यानं पावती शोधायला वही काढली आणि विचारलं, कोणाच्या नावानं टाकलंय. मी अण्णा म्हटलं. तो म्हणाला, बाई, असे अण्णा गावात शंभर आहेत, नाव सांगा.

नाव आठवेना. मागे गिऱ्हाईक होतं, मग बाजूला झाले.

बुधवार, १२
ऑफिसात बसून लिहितेय. आज साहेबांना विचारलं नाही. ‘सोडा’ नाही, ‘बदला’ नाही. क्रमांकाचा रकाना रिकामा ठेवला की पुढचा मोकळा क्रमांक आपोआप मिळतो. कोणालाच उतरवावं लागत नाही. एवढंच होतं. पहिल्याच दिवशी —

धंदा: कंडक्टर, निवृत्त. पत्ता: माझाच. नातं: वडील.

ओळ घेत नाही. म्हणतं, नाव हवं.

ही सगळी पानं चाळली. सगळीकडे अण्णा, अण्णा. आपल्या बापाला नावानं कोण लिहितं. माझ्या ओळीत वडिलांच्या नावाचा रकाना आहे, तोही रिकामा —

साहेब मागे येऊन उभे आहेत. विचारताहेत, हे कोणाचं चाललंय. मला आठवतं तेवढं सांगते. खिडकीशी खुर्ची होती. कोणीतरी म्हणालं होतं, सरकून घ्यायचं, एक जागा काढायची. जागा काढलीय. आता फक्त त्यांचं नाव —