लोणीच्या विहिरीचं पाणी

चि. सौ. द्वारका,

पाणी बोलवायला शिकवताना आईनं आपल्या दोघींना बजावलं होतं, ते नवं तयार होत नाही, कुठूनतरी निघून येतं. आधी तिथं विचारावं. परवा बाणेरला आमच्या दिग्विजयच्या सोसायटीत टँकर आला नाही. सूनबाई म्हणाली, "आई, बोलवा ना, ऑफिसला उशीर होतोय." मी न विचारताच बोलावलं. टाकीत पिवळ्या ठिपक्यांचे बेडूकही आले. तसे फक्त तुझ्या लोणीच्या विहिरीत असतात.

काल तू फोनवर रडलीस. "ताई, विहीर आटली. माझंच काही चुकलं. सोळा सोमवार धरते." मी म्हटलं, "धर."

पाणी परत पाठवायचं तर विद्या सोडावी लागते. आज सोडली. बेडूकही गेले. तू म्हणशील, महादेव पावला. मी होच म्हणणार आहे, म्हणून हे पोस्टात टाकत नाही.

तुझी ताई