गॅलरीतल्या साउंडच्या टेबलाचा वारस

मी, हार्लन विटेवेन, वय वर्षे ७८, पूर्वी सहकारी धान्यकोठारात यंत्रे दुरुस्त करणारा, आता रिकामा, राहणार न्यू हेर्डे, आयोवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. कुणी दडपण आणलेले नाही. उलट जो तो 'इतक्यात कशाला' म्हणतो आहे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे, कारण त्यात सगळे माझी बायको व्हर्ना हिच्या नावे होते आणि ती तीन वर्षांपूर्वी गेली. वकीलबाईंनी छापील नमुना दिला होता. त्यात 'इतर इच्छा' यासाठी दोन ओळी सोडल्या होत्या. दोन ओळींत माझे भागत नाही.

कलम १. घर, त्यातले सामान आणि मागची मोकळी जागा मुलगी रोशेल हिला द्यावी. ती ओमाहाला असते, ती विकून टाकणार हे मला ठाऊक आहे. विकावे. फक्त आधी तळघरातला फ्रीझर रिकामा करावा, त्यात व्हर्नाने करून ठेवलेले सूप अजून आहे आणि ते टाकायचे धाडस मला झालेले नाही.

कलम २. बँकेत असेल ते रोशेललाच. त्यातला दहावा भाग आमच्या फर्स्ट चर्चला, या अटीवर की त्यातून रंगीत दिवे घेऊ नयेत. उपासनेला आलेल्या माणसांना निळ्या उजेडात बसवायचे कारण मला आजवर कुणी पटवून दिलेले नाही.

कलम ३. माझा मेव्हणा, म्हणजे व्हर्नाचा भाऊ ऑर्व्हिल, याला काहीही नाही. त्याला साक्षीदार करायचे आहे, आणि वकीलबाई म्हणतात, ज्याला काही मिळते त्याने साक्षीला उभे राहू नये. माझी ॲल्युमिनियमची शिडी एकोणीस वर्षे त्याच्याकडे आहे. ती मी परत मागत नाही, पण दिली असेही म्हणत नाही.

कलम ४. आता मुख्य गोष्ट. चर्चच्या गॅलरीतले साउंडचे टेबल, त्यावरचा आवाज कमीजास्त करायचा मिक्सर, माइक आणि कपाटाची किल्ली. वकीलबाई म्हणाल्या, "हार्लन, ते तुमचं नाही, चर्चचं आहे. ते कुणाला कसं देणार तुम्ही?" कागदावर चर्चचे असेल. पण प्रत्येक वायर मी ओढली आहे, छतातल्या धुळीत पालथे पडून. सव्वीस वर्षांत मी चार रविवार चुकवले, त्यांतले दोन बर्फाच्या वादळाने. तेव्हा ते कुणाच्या हाती जावे हे मी सांगणार.

सांगायची वेळ आली कारण माझ्या हाताखाली कुणी टिकलेच नाही. मागच्या तीन वर्षांत पाळकसाहेबांनी, पास्टर कर्ट यांनी, शिकायला म्हणून सात स्वयंसेवक पाठवले. आधीची तेवीस वर्षे एकही नाही, आणि एकदम सात! माझी शिकवण्याची पद्धत साधी आहे. पहिला महिना फक्त वायर गुंडाळायची, एक वेढा वरून, एक खालून, म्हणजे पीळ बसत नाही. दुसऱ्या महिन्यात बॅटऱ्या. तिसऱ्यात माझ्या शेजारी गप्प बसून खाली मंडळीचे चेहरे बघायचे, कारण आवाज बिघडला की तो आधी चेहऱ्यावर दिसतो. चौथ्या महिन्यात बटणाला हात. यात अवघड काय आहे?

पण नाही. बँकेतून निवृत्त झालेला मार्लिन जुन्या आणि नव्या बॅटऱ्या एकाच डब्यात ठेवायचा, आणि प्रवचन सुरू झाले की माइकजवळ पेपरमिंटच्या गोळीचा कागद चुरचुर उलगडायचा. सगळी मंडळीच प्रवचनात पेपरमिंट चघळते, त्याबद्दल तक्रार नाही. पण सगळ्यांच्या तोंडापुढे माइक नसतो. ट्वायला नावाच्या बाईंनी वायरी रंगांप्रमाणे लावून ठेवल्या. दिसायला सुंदर. रविवारी गायकांचा आवाज लहान मुलांच्या खोलीत आणि मुलांचे रडणे चर्चमध्ये. एक नवरा-बायको आले, ते एका बटणावरून एकमेकांशी बोलेनासे झाले. डोक्याला नुसता ताप.

आणि सातही जणांनी, नीट लक्षात घ्या, सातही जणांनी पहिल्याच दिवशी मला तोच प्रश्न विचारला: "हार्लन, ट्रेबल जरा जास्त नाही का वाटत?" वायर गुंडाळता येत नाही आणि मला ट्रेबल, म्हणजे बारीक सूर, शिकवायला निघाले! मी प्रत्येकाला तिथल्या तिथे झाडले. सहा जण गेले. सातवी टिकली.

सातवी जनेल डायकहाउस. शाळेची बस चालवते, त्यामुळे आरडाओरड्याची सवय आहे. चौदा महिने आली. वायर इतकी छान गुंडाळायची की मी एकदा शाबास म्हणालो होतो. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आम्ही माइक तपासत होतो. माइकचा आवाज वाढवत न्यायचा, तो कुंई करायला लागला की नेमका तेवढाच सूर खाली ओढायचा, असे ते काम असते. मी वाढवत होतो. जनेलने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"काका, बंद करा ना."

"काय बंद करू? अजून काही वाजलंच नाही."

"वाजतंय की! दात शिवशिवले माझे."

"तुझ्या बसचा ब्रेक कानात बसलाय, दुसरं काय."

तिने पुढे होऊन एक बटण खाली ओढले. "हं, आता गेलं," म्हणाली. मला काहीच गेल्यासारखे वाटले नाही. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या टेबलाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही," म्हणालो. तिने जाकीट चढवले आणि जिना उतरून गेली. त्यानंतर ती आली नाही. मी पाळकसाहेबांना सांगितले की हीसुद्धा तसलीच निघाली.

मार्चमध्ये रोशेल आली होती. व्हर्नाच्या अंत्यविधीचे रेकॉर्डिंग मी कपाटात जपून ठेवले आहे. तो साउंड मी स्वतः सांभाळला होता. लोक म्हणाले, आज तरी खाली घरच्यांबरोबर बस. पण व्हर्नाचा शेवटचा निरोप मी मार्लिनसारख्याच्या हाती देणार होतो की काय? माझ्या मते ते माझे सर्वांत चांगले काम होते. एकेक शब्द स्वच्छ. रोशेलला म्हणालो, "तुझ्या आईचं आहे, घेऊन जा." स्वयंपाकघरातच लावले. दहा सेकंद झाली नसतील, तिने बंद केले.

"बाबा, हे नको मला."

"का गं?"

"त्या दिवशी ऐकलं तेवढं पुरे झालं."

"काय ऐकलं?"

"शिट्टी, बाबा. सुरुवातीपासून शेवटच्या प्रार्थनेपर्यंत. तुम्हाला खरंच कळलं नाही?"

मी पुन्हा लावले. पुन्हा लावले. कान स्पीकरला चिकटवून ऐकले. मला व्हर्नाचे आवडते गीत ऐकू येत होते, पाळकसाहेबांचा आवाज ऐकू येत होता, शिट्टी नव्हती. रोशेल मात्र दुसऱ्या खोलीत निघून गेली होती.

कानाच्या डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवली. निम्म्यापर्यंत सरळ जाते आणि मग कोसळते. बारीक आवाज माझ्यापुरते संपले आहेत. अडतीस वर्षे धान्य वाळवणाऱ्या पंख्यांशेजारी उभा होतो, त्याचे हे फळ. मला बारीक सूर ऐकू येईना म्हणून मी ते वाढवत गेलो आणि चारशे माणसांच्या कानांत ओतत गेलो. त्या दिवशी मी गॅलरीतून खाली पाहिले होते. लोक माना खाली घालून, कपाळ हातात धरून बसले होते. मला वाटले, व्हर्नासाठी रडताहेत. केवढे प्रेम होते सगळ्यांचे, असे मी तीन वर्षे मनाशी म्हणत आलो. चेहरे वाचायला शिकवणारा मी.

पाळकसाहेबांच्या घरी गेलो. म्हणालो, "ती सात माणसं तुम्ही शिकायलाच पाठवली होती ना?"

ते कॉफी ओतत होते, ते थांबले. "शिकायलाही आणि सांगायलाही. चर्चच्या पंचकमिटीत ठरलं होतं, हार्लनला दुखवायचं नाही, पण हळूच कुणीतरी कानावर घालायचं."

"मग घातलं का नाही?"

"घातलं की हो. सगळ्यांनी घातलं. पहिल्याच दिवशी."

त्यांची कॉफी पिऊन मी घरी आलो. पण राग गेला नाही, तो इथे लिहून ठेवतो. स्वतःवरचा आहेच. त्याखेरीज तुम्हा सगळ्यांवरचा. तीन वर्षे रविवारी माझ्याशी हात मिळवलात, "आज छान झालं हार्लन" म्हणालात, आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात. कसली ही सभ्यता! एकाने जिना चढून येऊन माझ्या पेकाटात लाथ घातली असती तर व्हर्नाचा निरोप वाचला असता.

जनेलकडे माफी मागायला गेलो आणि दारातच भांडण झाले, कारण ती म्हणाली, "येते मी काका, पण एका अटीवर. तुम्ही गॅलरीत यायचं नाही. खाली बसायचं, कानाला यंत्र लावून."

"आणि तू चुकलीस तर?"

"चुकले तर मला लोक सांगतील. मी कुणाला झाडत नाही."

तेव्हा कलम ४ चा निर्णय असा: टेबल, माइक, कपाटाची किल्ली आणि वायरी डाखायची माझी सोल्डरिंग गन जनेल डायकहाउस हिला. हे माझ्या मृत्यूनंतर नव्हे, येत्या झावळ्यांच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या, रविवारपासून अमलात यावे. वकीलबाई म्हणतात, असे मृत्युपत्रात बसत नाही. न बसू दे. टेबलाला हात लावण्याआधी मला विचारायची जी अट होती ती रद्द.

कलम ५. माझ्या अंत्यविधीबद्दल. साउंड जनेल सांभाळील, दुसरे कुणीही नाही. सुरुवात माझ्यापासून करू नये. आधी पाळकसाहेबांनी उभे राहून सांगावे की व्हर्ना विटेवेन हिचा निरोप नीट झाला नव्हता, तो आज होत आहे. तिचे गीत पूर्ण म्हणावे, सगळी कडवी. तिच्यासाठी केलेली प्रार्थना पुन्हा करावी. कुणाला कसलाही त्रासदायक आवाज आला तर त्याने उभे राहून सांगावे, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे, कितीही वेळा. तिचे झाले की मग माझे. माझे आटोपते घेतले तरी चालेल, खाली चर्चच्या तळघरात हॅम-बन आणि कॉफी वाट पाहत असते.

कलम ६. साक्षीदार म्हणून मेव्हणा ऑर्व्हिल आणि चर्चची ऑर्गनवादक लुसील यांना बोलावले आहे. दोघेही व्हर्नाच्या अंत्यविधीला हजर होते. साक्ष द्यायची तर पूर्ण द्यावी. त्या दिवशी शिट्टी ऐकू आली होती की नाही, हे प्रत्येकाने सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहावे. सभ्यपणा नको.

ठिकाण: न्यू हेर्डे, आयोवा
दिनांक: ११ एप्रिल २०१९

(सही) हार्लन विटेवेन

आम्हा दोघांच्या समक्ष हार्लन विटेवेन यांनी पूर्ण शुद्धीत वरील सही केली आणि आम्ही एकमेकांच्या समक्ष साक्ष घातली.

साक्षीदार १. ऐकू आली होती. ती झाकली जावी म्हणून मी ऑर्गन जमेल तितका जोरात वाजवला. नंतर तुम्हाला सांगायला हवे होते.
(सही) लुसील टेन हाकन

साक्षीदार २. ऐकू आली होती. दुसऱ्या गीताच्या वेळी तुला सांगायला म्हणून मी उठून जिना चढलो. वरच्या पायरीपर्यंत आलो होतो. तू एका हाताने बटण धरून रडत होतास. मी परत खाली उतरलो.
(सही) ऑर्व्हिल क्राइन्ब्रिंक