नकाशातून गाळलेली वाट

बाबा, मी अमेरिकेत हरणांच्या वाटा शोधत फिरतो असं कोणी तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही आधी हसला असता आणि मग विचारलं असतं, "कोणासाठी?" तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी हा प्रश्न तुमच्याच आवाजात ऐकू येतो. गेल्या नोव्हेंबरपासून माझं कशात लक्ष नाही. ऑफिसात पाणी प्यायला म्हणून उठतो आणि न पिताच परत येतो. काल हायवेवर आमचा एक्झिट चुकला, तर मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली, "बाबा, यू मिस्ड इट अगेन."

टेक्सासमधल्या प्लेनोत आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात, सत्तरी ओलांडलेले. त्यांची वडिलोपार्जित जमीन इथून गाडीने तीन तासांवर आहे. शेती नाही, नुसतं ओकचं रान, काटेरी झुडपं आणि मधून वाहणारा एक ओढा. मोसमात शिकारी लोक ती भाड्याने घेतात. चोरून काही नसतं, परवाने असतात. मी नकाशांच्या सॉफ्टवेअरवर काम करतो हे कळल्यावर एकदा ते अंगणातल्या कुंपणावरून म्हणाले, "माझे गुडघे गेले. हरणांच्या सगळ्या वाटा माझ्या डोक्यात आहेत, त्या माझ्याबरोबर जायला नकोत. कॉम्प्युटरवर उतरवून देशील?" मी लगेच हो म्हणालो. खरं सांगायचं तर मला रानात चालायचं होतं. चारचाकीतून ऑफिस आणि ऑफिसातून घर, यात माझे पाय मातीला लागून वर्षं झाली होती.

मग उन्हाळाभर शनिवारी तिकडे जायचो. हातात मावेल एवढं जीपीएस घेऊन वाटेने चालायचं, ते पावलापावलाला जागा टिपून घेतं. घरी येऊन ते कॉम्प्युटरला जोडलं की उपग्रहाच्या फोटोवर वाटेची रेघ उमटते. पण आधी वाट सापडायला तर हवी, आणि ती मी तुमच्या पद्धतीनेच शोधत होतो. मी सातवीत आहे, नवेगावच्या रानात तुमच्या मागे चालतोय, आणि खुरांचे ठसे शोधत सारखा खाली वाकतोय. तुम्ही मागे न बघता म्हणता, "खूर काय बघतोस? गवत बघ. कुठं झुकलंय, कुठल्या बाजूला झुकलंय." टेक्सासचं गवतही तसंच झुकतं, बाबा. म्हातारबुवा खुर्चीवर बसून माझ्या रेघा बघायचे आणि एखादी जुनी वाट दिसली की पोरासारखे खूश व्हायचे.

ऑगस्टमध्ये ओढ्याच्या वळणावर एक मादी दिसली, दोन पाडसांसोबत. पाडसांच्या पाठीवर अजून ठिपके होते. ती पाणी प्यायली, माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश पिकॅनच्या, म्हणजे इथल्या अक्रोडासारख्या, झाडांमागे गेली. वाट अगदी ठसठशीत होती, रोजच्या वापरातली. जीपीएसने ती टिपलीही. घरी आल्यावर मी ती रेघ पुसून टाकली.

पुसताना तुम्हीच डोळ्यांसमोर होता. आपल्या क्वार्टरच्या दाराशी जीप थांबली आहे, मोठ्या साहेबांचे पाहुणे आलेत, त्यांना बंदुका घेऊन चितळांच्या पाणवठ्यावर जायचंय. तुम्ही साधे वनरक्षक. साहेब विचारतात, "पाणवठा कुठे आहे, माहीत आहे ना?" तुम्ही म्हणता, "माहीत आहे साहेब, पण सांगणार नाही." आत आईच्या हातातला पळा तसाच थांबला. महिन्याभरात आपली बदली झाली, माझी शाळा सुटली, आणि मी कितीतरी दिवस तुमच्यावर चिडून होतो. रेघ पुसताना मात्र मला वाटलं, मी तुमच्यासारखाच वागतोय.

म्हातारबुवांनी माझ्या नकाशावरून मचाणं बांधली. ओढ्याच्या वळणाकडे एकही वाट नाही म्हणजे तिकडे कोणी बंदूक रोखणार नाही, असा त्यांनी हिशेब केला आणि आपल्या मुलीला सांगितलं, "मोसमात पिकॅन वेचायचे तर तिथेच जा, बाकी कुठे नको." ती दरवर्षी आईच्या आठवणीने त्या पिकॅनचा 'पाय', भट्टीत भाजलेला गोड पदार्थ, करते. नोव्हेंबरच्या त्या सकाळी मचाणावरच्या माणसाला वळणाजवळ एक नर दिसला. त्याने गोळी झाडली. नर पळाला, गोळी मागच्या पिकॅनच्या बुंध्यात घुसली. बुंध्याच्या पलीकडे ती बादली घेऊन वाकली होती. गोळीपासून डोकं वीतभर अंतरावर.

मी दुसऱ्या दिवशी तिकडे गेलो तेव्हा ती रानातल्या केबिनच्या पायरीवर बसली होती. म्हातारबुवा मला म्हणाले, "तिथे वाट आहे. मी आत्ता पाहून आलो, काठी टेकत. तुझ्या नकाशात का नाही?"

मी म्हणालो, "झाडी दाट आहे. सिग्नल मिळाला नसेल."

त्यांनी मान हलवली. "मलाच आठवायला हवं होतं," म्हणाले, आणि तिच्याकडे बघून रडायला लागले. पुढच्या आठवड्यात ते आमच्या दारात, हातात खोका. नवं जीपीएस, दाट झाडीतही चालणारं. "तुझा दोष नव्हता, यंत्राचा होता. वसंतात पुन्हा सगळं नीट करू." मी थँक्यू म्हणून ते घेतलं.

बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जाऊन सांगून टाक ना. तीस पावलांवर घर आहे त्यांचं."

"ग्रीन कार्ड अडकलंय. पोलीस, वकील असं काही झालं तर?"

"ते कारण नाहीये," ती म्हणाली, "आणि तुलाही ते माहीत आहे."

खरंच नाहीये. तुम्ही साहेबांच्या तोंडावर नाही म्हणालात आणि त्याची किंमत आपण सगळ्यांनी मोजली. मी हो म्हणालो, कौतुक करून घेतलं, आणि खोटा नकाशा हातात दिला. त्यावर विसंबून एक बाई झाडाखाली निर्धास्त वाकली. यात तुमच्यासारखं काहीच नव्हतं.

आता मार्च आहे. ती वाट मी नकाशात परत घातली आहे, नवा कागद छापून टेबलावर ठेवला आहे. शनिवारी ते मला घेऊन जाणार, वाटेत त्यांच्या बायकोच्या गोष्टी सांगणार. मी आतापर्यंत चार वेळा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आलो. एकदा बेलही वाजवली, आणि त्यांनी दार उघडल्यावर हवामानाबद्दल बोललो.

बाबा, हे पत्र मी त्यांना इंग्रजीत लिहायला बसलो होतो. पहिल्या ओळीपुढे हात सरकेना, म्हणून तुम्हाला लिहीत सुटलो. तुम्ही काही उत्तर देणार नाही, हे मला सोयीचं आहे.