आईच्या चालीची गाडी

निर्मळ, वसई
सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

आदरणीय पॉल भाऊजी,

धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे युजीनचा, हात जोडून नमस्कार आणि जय येशू. आपली तब्येत उत्तम असेल, साखर ताब्यात असेल आणि पुण्याच्या थंडीत गुडघे कुरकुरत नसतील अशी आशा करतो. रोझमेरीताईलाही नमस्कार सांगा (सांगवला तर. तिने माझा नंबर तिच्याच नव्हे, तुमच्याही फोनवर बंद करून ठेवला आहे, हे मला माझ्याच मुलीकडून, स्टेफीकडून, कळले, म्हणून हा कागदाचा खटाटोप). दोन वर्षांपूर्वी आईचे खुब्याचे हाड मोडले, तुम्ही पुण्याचा डॉक्टर सुचवलात, आणि हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये चार नर्सांसमोर मी म्हणालो की आमच्या घरच्या गोष्टीत जावयाने नाक खुपसू नये. ताईने तिथूनच बॅग उचलली ती अजून इकडे फिरकलेली नाही. पण हे पत्र त्या विषयावर नाही. हे पत्र पिकअपच्या मागच्या अ‍ॅक्सलबद्दल आहे, कारण गाड्यांच्या कारखान्यात गिअर खात्यात एकतीस वर्षे काढलेला दुसरा माणूस माझ्या ओळखीत नाही, आणि माझ्याकडे तेरा दिवस उरले आहेत.

सात डिसेंबरला सण आहे. त्या संध्याकाळी आळीच्या क्रुसापासून चर्चपर्यंत सव्वा किलोमीटर मरियामाऊलीची मूर्ती न्यायची असते, आणि ती आपल्याच घरच्या गाडीतून जाते. आजोबांपासूनचा हा मान आहे. पण यंदा नुसता मानाचा प्रश्न नाही. खुब्यात स्टील बसवून घेताना आईने नवस बोलला होता की पायावर उभी राहिले तर मूर्तीच्या मागे पूर्ण अंतर चालेन. ती उभी राहिली. ब्याऐंशी वर्षांची बाई काठी घेऊन चालते. आता तिचा स्वभाव तुम्हाला माहीत आहेच: मूर्ती चार पावले पुढे गेली तर ती मागे राहणार नाही, ती धावणार. आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्वच्छ सांगितले आहे की पुन्हा पडल्या तर उठवता येणार नाही. म्हणजे गाडी आईच्या चालीने चालली पाहिजे. आणि नेमके तेच या गाडीला जमत नाही.

याचे कारण टायर. (इथे तुम्ही हसणार, हसा.) जुलैत एव्हरशाईन सिटीत केळी आणि भाजी पोहोचवायला गेलो असता रस्त्यावर पाणी भरले, गाडी बंद पडली, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी खिडकीतून विचारले की भेंडी आज मिळेल का. तो अपमान मला सहन झाला नाही. आठवड्याच्या आत मी अठ्ठावीस इंच उंचीचे चारही टायर काढून एकतीस इंची घातले. गाडी पाण्यात पायजमा वर करून उभ्या राहिलेल्या माणसासारखी दिसू लागली आणि मला ती फार आवडली. कॅरलने तेव्हाच, बायकोच्या हक्काने, विचारले होते की एकदा पॉल भाऊजींना विचारायचे का. मी म्हणालो, टायर काय, गोलच असतात. (जुने टायर तिने रंगवून त्यात शेवंती लावली आहे. शेवंती जोरात आहे.)

पुढचे तुम्हाला मी काय सांगावे! टायर मोठा झाला की प्रत्येक फेरीला गाडी नऊ इंच जास्त पुढे जाते, आणि तेवढे जास्त ओढायचे काम इंजिनाच्या माथी येते. भरलेली गाडी पुलाच्या चढावर रडू लागली. काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी सहासष्टने जात असते, हे मला स्टेफीने मोबाइलवर दाखवले. हे सगळे मी पोटात घातले. पण हळू जाण्याचे काय? पहिल्या गिअरात टाकून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला तरी ही गाडी ताशी सात किलोमीटरच्या खाली येत नाही. हे मला कुठे कळले, तर तालमीत.

कालच्या रविवारी मिसा झाल्यावर तालीम ठेवली. मूर्तीऐवजी स्टुलावर केळीचा उभा घड बांधला, मागे गायनमंडळ, त्यांचा पुढारी डेरिक, आणि बाजूने फादर. आईला मुद्दाम घरी ठेवले होते. निघालो, आणि पहिले कडवे संपायच्या आत गायनमंडळ मागे राहिले. ब्रेक दाबला तर गाडी गचके देऊ लागली. अर्ध्या क्लचवर धरली तर जळका वास असा सुटला की वरचा सूर लावणाऱ्या तिन्ही मुली खोकत बाजूला गेल्या. मग इंजिन बंद पडले, स्टूल पुढे झुकले आणि घड केबिनच्या टपावर आपटला. भाऊजी, त्या घडाच्या जागी मला मूर्ती दिसली, आणि मागे रस्त्यावर आई दिसली. रिचर्ड (तोच, चक्कीवाल्यांचा, ज्याच्याकडे नवा छोटा टेम्पो आहे) स्कूटरवर बसून सगळे बघत होता. तो हसला असता तर मी भांडलो तरी असतो. फादर एवढेच म्हणाले, "युजीन, पुढच्या रविवारपर्यंत बघा. नाही जमलं तर रिचर्डला सांगू."

आज सकाळीच जूचंद्रला जितेशच्या गॅरेजवर गेलो. त्याने मागचे हौसिंग, म्हणजे अ‍ॅक्सलच्या गिअरांचा डबा, उघडून खडूने खूण करून दात मोजले: मोठ्या चक्राला एकेचाळीस, लहानाला दहा. म्हणाला, "काका, टायर मोठं केलंत ना, मग दात पन बदलायला लागनार." त्याच्याकडे एकेचाळीसला आठ अशी जोडी आहे. म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिनाकडून येणारा दांडा चारऐवजी पाच वेळा फिरणार, गाडी ओढेल जोरात आणि जाईल हळू. मी विचारले, किती हळू? त्याने हिशेब केला: मोठ्या टायरवर साडेपाच, जुने टायर परत घातले तर पाच. मी म्हणालो, याहून हळू हवी. तेव्हा तो हात पुसत म्हणाला, "मंग काका गाडी कशाला, चप्पल घ्या." हौसिंग उघडेच ठेवून तो माझ्या उत्तराची वाट बघतो आहे.

नेमकी किती हळू, हे कळावे म्हणून दुपारी मी आईचा वेग मोजला. अंगणापासून फाटकापर्यंत टेपने पन्नास मीटर मोजले आणि तिला सांगितले की डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे. दोन मिनिटांत गेली, म्हणजे ताशी दीड किलोमीटर. पण फाटकाशी ती थांबली आणि बसस्टॉपच्या दिशेने बघत उभी राहिली. मी घड्याळ चालू ठेवून वाट बघत बसलो. अकरा मिनिटे. त्यामुळे सरासरी पार बिघडली. कॅरल म्हणाली, त्या रोजच थांबतात, तुम्ही आज मोजलंत. मला ती अकरा मिनिटे कोणत्या रकान्यात लिहावीत ते कळले नाही, म्हणून ती सोडून दिली.

तर भाऊजी, विचारायचे ते हे: एकेचाळीसला आठ घालू की दहाच ठेवू? टायर एकतीसचे की शेवंती उपटून अठ्ठावीसचे? की दोन्ही बदलू? दोन्ही बदलूनही पाच आणि दीड यांच्यात साडेतीन किलोमीटर उरतात, ते कुठून काढायचे? उत्तर स्पीड पोस्टाने पाठवावे.

कॅरल व स्टेफी यांचे नमस्कार. आईचा आशीर्वाद.

आपला,
युजीन

ता. क. पाकीट चिकटवणार इतक्यात रिचर्ड घरी आला. मी मनात भांडणाची तयारी केली होती. तो म्हणाला, टेम्पो माझाही सातनेच जातो, तालीम मीही गुपचूप करून बघितली. इंजिन बंद ठेव, गाडी न्यूट्रलमध्ये टाक, दोर बांध. आळीतले आम्ही वीस जण ओढतो. तू फक्त स्टिअरिंग आणि ब्रेक सांभाळ. आई थांबल्या की आम्ही थांबू. म्हणजे दात आठ असोत की दहा, टायर कितीही इंची असो, काही फरक पडत नाही. वरची तीन पाने वाचली नसतील तर वाचू नका.

ता. क. दुसरा. आई चालेल, गाडीही चालेल. पण मी स्टिअरिंगवर असणार, कॅरल गायनमंडळात, आणि आईने स्टेफीचा हात धरायला साफ नकार दिला आहे. कोणाचा हात हवा हे ती बोलत नाही, फाटकाशी जाऊन उभी राहते. भाऊजी, त्या दिवशी पॅसेजमध्ये मी घाबरलो होतो, आणि सगळ्यात जवळ तुम्ही होतात म्हणून तुम्हाला बोललो. माझे चुकले. ताईला घेऊन या. शनिवारीच या.

ता. क. तिसरा. माझे चुकले हे ताईला सांगू नका, ती ते पुढची वीस वर्षे वापरेल. तिला सांगा, "युजीनच्या गाडीचे मागचे गिअर बसत नाहीत, सणाची मिरवणूक अडली आहे आणि माझ्याशिवाय कोणाला जमणार नाही." गाडी न्यूट्रलमध्ये जाणार आहे, हे मात्र तिला कळता कामा नये.