अनघाच्या गोळ्या

खंडाळा, ९ मे २०२४

आ. शालनताईंस,
सप्रेम जयभीम. वि. वि. फोनवर तोंडातून भलतंसलतं जाईल, म्हणून लिहिते.

अनघाच्या फिटच्या नव्या गोळ्या कुणाला विचारून बंद केल्यात? एकदम थांबवल्या तर फिट वाढतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तसंच झालं. वडिवळ्याहून आणली त्याच संध्याकाळी ती जिन्यात कोसळली. जीभ दातांखाली सापडली, फ्रॉक रक्तानं भरला. सख्खी आत्या म्हणून सुट्टीत तुमच्याकडे सोपवली, त्याचं हे फळ? नव्या औषधाची धास्ती मलाही आहे. पुरळ उठलंय का, म्हणून येताजाता तिची पाठ बघते. पण म्हणून गोळी चुकवत नाही.

आता ती तिकडे येणार नाही. लोभ असावा असं लिहायला आज हात धजत नाही.

रेणुका

वडिवळे, १४ मे २०२४

चि. रेणुकास,
शालनचा जयभीम. पोरीची जीभ चावली वाचून काळीज हाललं. पन तुझी भाषा वाचून डोकंबी फिरलं.

पोरगी भाताच्या ताटावर मान टाकायची. बापाचं नाव इचारलं तर नुसती बघत बसली. तू हॉटेलात कामावर, फोन बंद. पोरीच्या बापाला, आकाशला लावला तर म्हनला, रेणुकालाच इचार. मंग म्या काय करायचं? डॉक्टरनं बजावलेलं तू मला सांगितलंस का? गोळ्या हातात कोंबल्यास अन् जीप पकडलीस. एकदम थांबवायच्या न्हाईत हे ठावं असतं, तर हात लावला नसता.

पन एवढी गुंगी येती, हे डॉक्टरला कोन सांगनार? जाशील तवा मी येनार. न्हाई म्हनलीस तरी येनार.

तुज्यावर रागावलेली, पन तुजीच,
शालन

खंडाळा, २ जून २०२४

आ. शालनताईंस,
जयभीम. दवाखान्यात सगळ्यांदेखत भांडलात, त्याचा राग अजून गेलेला नाही. मी डॉक्टरांना 'ती थोडी झोपते' म्हणत होते. तुम्ही टेबलावर मान टाकून दाखवलीत. औषध बदललं तर पुन्हा फिट येईल, या भीतीनं मी कमी करून सांगत होते. डॉक्टरांनी सकाळची गोळी अर्धी केली, हळूहळू वाढवू म्हणाले. तेव्हापासून फिट नाही. पुढचं कुणी सांगावं?

काल अनघानं वेणी घालू दिली नाही. कंगवा फेकला, दार आपटलं, तुझ्यापेक्षा आत्या बरी म्हणून अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशी ओरडली. आकाश रागवायला उठला. मी त्याला हाताला धरून बसवलं. म्हटलं, ओरडू दे. किती दिवसांनी आवाज फुटलाय.

शनिवारी तिला घेऊन येते. गोळ्यांचं सगळं समोर बसून सांगेन. समजलं नाही तर माझ्यावर ओरडा, पण विचारा. माया मात्र आटू देऊ नका.

रेणुका